पल्याडची माती

मंडळी, देवाचं नाव घेण्याआधी आज एक कोडं घेऊ. आभाळ एक, पाऊस एक, नदी एक. तरी नदीच्या एका काठावर माणसं जेवून हात धुतात, आणि दुसऱ्या काठावर हात धुऊन ताटाची वाट बघतात — असं का? कोण म्हणालं, नशीब? बरं. ते नशीब तिकडं चपलांपाशी ठेवा आणि पुढं सरकून बसा.

जुनी गोष्ट. नदीच्या दोन अंगांना दोन संस्थानं, दोन गावं. नावं कशाला — अल्याड आणि पल्याड म्हणू. बोली एक, कुलदैवत एक, सोयरिकी एकमेकांत. सगुणा पल्याडची लेक, अल्याडची सून. नवऱ्याचं नाव धोंडजी.

पल्याडला आमराया, अल्याडला बोडकं रान. सगुणा पाणवठ्यावर गेली की घागर भरून वाहायची, तरी तिची नजर तिकडंच. मोहोराचा वास नदी ओलांडून यायचा. वासाला कुठली आलीय सरहद्द? तिची जाऊ म्हणायची, हिच्या नाकातच माहेर भरलंय.

तिला काय हवं होतं? पाटल्या? पैठणी? छे! आपण लावलेलं, आपल्या डोळ्यांदेखत वाढलेलं एक झाड. बास. भावानं धाडलेल्या आंब्याची कोय ती दरसाल शेताच्या कोपऱ्यात पुरायची. अकरा वर्षं, अकरा कोयी. झाड एकही नाही!

कारण अल्याडला शेतपालटीचा रिवाज. दर पाडव्याला संस्थानचा कारभारी यायचा, मडक्यात खुणेचे खडे घालायचा. ज्याच्या हाती जो खडा, त्याचं ते शेत — वर्षभर. पुढल्या पाडव्याला दुसरं. कारभारी म्हणायचा, चांगली जमीन एकट्याच्याच वाट्याला नको, हा न्याय आहे. ऐकायला गोड! पण मंडळी, भाड्याच्या बैलाला कोणी अंघोळ घालतं का? कोणी बांध घालीना, शेणखत टाकीना, विहीर खणीना. सगुणाचं वीतभर रोप नवा कसणारा शेळीपुढं टाकायचा. त्यानं तरी कुणासाठी राखावं? आणि गंमत बघा — कारभाऱ्याच्या मेव्हण्याला दरसाल नदीकाठचाच खडा लागायचा. भक्ती असावी तर अशी!

एका साली गावानं ठरवलं, पल्याडची मातीच पुण्यवान. तीच आणू! झालं — ढोल, गुलाल, पाट्यांवर कोरी कापडं. गुडघाभर पाण्यातून अख्खं गाव पल्याड गेलं. तिथल्यांनी माती दिली, वर ताक पाजलं. सगुणाच्याही डोक्यावर पाटी. तिला वाटलं, माहेरच उचलून चाललेय.

घाटावर भाऊ भेटला, बाळोजी. तो हसला नाही. म्हणाला, "सगुणे, तिकडं झाड लावलंस, तर पाच वर्षांनी ते कुणाचं?"

तिनं डोक्यावरची पाटी सावरली. बाळोजीच पुढं म्हणाला,

"आमच्या राजाला वाड्याच्या दारासाठी आमचा आंबा हवा होता. पंच बसले, नाही म्हणाले. राजानं दुसरीकडून लाकूड आणलं. माती तुमच्यासारखीच आहे गं बाय."

इथं पद म्हणायची रीत आहे. आज नको. पेटी थांबवा जरा. ती बघा, नदीच्या मध्यात उभी आहे. पुढं सासर, मागं माहेर, मानेत कळा.

तिनं पाटी पाण्यात ओतली.

घरी नाही गेली. पाणवठ्यावर बसली आणि येईल त्या बाईशी बोलली. आठ दिवसांत बायकांचं ठरलं — खडा कुणाचाही निघो, कोय जिनं लावली, झाड तिचं. शेत ज्याच्याकडं, त्यानं ते राखायचं. धोंडजी घाबरला. कारभाऱ्याला कळलं तर?

"कळू दे," सगुणा म्हणाली. "आधी आपल्याला तर कळू दे."

पहिल्याच साली एकीनं दोन रोपं उपटली. बायकांनी भांडण केलं नाही, फक्त तिला चुलीसाठी विस्तव देणं बंद केलं. चौथ्या दिवशी भाकरीचं मळलेलं पीठ घेऊन ती स्वतः आली. दोनाची चार लावून दिली!

सातव्या साली सगुणाच्या आंब्याला मोहोर आला. पाडव्याला कारभाऱ्यानं तो पाहिला. माणूस हुशार. आज झाडाला धनी आला, उद्या जमिनीला येणार, हे त्याला आपल्याआधी कळलं. त्यानं कुऱ्हाड मागवली, धोंडजीपुढं धरली.

 धोंडजीनं हात पाठीमागं बांधले.

दुसऱ्यानं बांधले. तिसऱ्यानं बांधले. शेवटी कारभारी मेव्हण्याकडं वळला. मेव्हण्यानं बायकोकडं पाहिलं. तिनंही तीन लावली होती! त्यानंही हात मागं घेतले. कारभाऱ्याला स्वतःला कुऱ्हाड कुठं चालवता येत होती? निघून गेला.

मग दुसऱ्या दिवशी सुबत्ता आली? नाही हो. मडकं पुढल्या पाडव्याला आलं, त्याच्या पुढल्याही. बंद झालं ते सगुणाच्या नातीच्या काळात. सगुणाचं झाड कधी तिच्या दारी आलंच नाही. राहिलं दुसऱ्याच्या रानात. म्हातारपणी अर्धा कोस चालत जायची, खोडाला पाठ लावून बसायची. कुणी विचारलं, काय बघतेस, तर म्हणायची, "अजून बांध व्हायचेत."

आता तुमच्याकडं वळतो. परवा तुमची ग्रामसभा झाली. तळ्याचा गाळ कुणी काढायचा, पाणी आधी कुणाच्या रानात, हे ठरायचं होतं. हजर कोण? सरपंच, ग्रामसेवक आणि सावलीला आलेलं एक कुत्रं. आज सतरंजी पुरत नाही! पाणी सरपंचाच्या भावकीला गेलं, आणि तुम्ही मला विचारता, महाराज, आमच्या गावाला कुणाची दृष्ट लागली?

माती देव देतो. पाऊस देतो. "नाही" म्हणायला तो येत नाही, ते आपलं आपण म्हणायचं असतं. पुढली सभा सोमवारी आहे. जे येणार, त्यांनी आरतीला पुढं या. बाकीचेही या. पण आज जरा मागं उभे राहा.