पेटीवरचं नाव

शके अठराशे नुकतंच उलटलेलं. कल्याण स्टेशनात गोदूताई पुण्याच्या आगगाडीची वाट बघत बसल्या होत्या. पाठीमागच्या बाकावर एक तरुण जोडपं होतं. पोरगी पहिल्या बाळंतपणाला टिटवाळ्याला माहेरी निघालेली. न्यायला आलेला भाऊ तिकिटं काढायला गेला, तशी दोघांना बोलायला सवड मिळाली.

“अहो, पेटीवर काय छापलंत?”

“नाव. मालधक्क्यावर गोण्यांवर छापतो तसंच. पत्र्यात अक्षरं कापायची नि वरून काळा रंग मारायचा. लांबून दिसलं पाहिजे, पेटी हरवायला नको.”

“ठसठशीत आहे हो. पण हे पहिलं अक्षर मधेच तुटलंय.”

“तुटलं नाही गं. ‘व’ सगळाच कापला, तर त्याचं पोट गळून पडतं. म्हणून जरासा सांधा राखायचा. तो धरून ठेवतो.”

“‘व’? तुमच्या घरी तर माझं नाव सीता!”

“माहेरी चाललीस ना? माहेरचं छापलंय.”

“अगबाई! वाचून दाखवा की.”

“इथे? चारचौघांत बायकोचं नाव घेऊ?”

“घ्यायचं कुठे? नुसतं वाचायचं.”

“...वेणू.”

एवढ्यात भाऊ तिकिटं घेऊन येताना दिसला. गोदूताई लगबगीनं उठल्या नि त्याला वाटेतच गाठून कसाऱ्याकडच्या गाड्यांची चौकशी करत बसल्या.

पाठीमागे पोरगी विचारत होती, “एवढंच लिहिलंय?”

“एवढंच.”

“मग परत वाचा.”