पुंडलिकरावच्या नसीतला आकडा

“...दोन स्प्रिंगा टाका लागतात म्हणे ह्याईच्या हृदयात, नाई त...” अन् तेवढ्यात आमची पाण्याची मोटर सुरू झाली! नाई त काय? आता तुमीच सांगा, मले चैन पडन का? भितीपलीकडं विमलाबाई फोनवर, इकडं मी कपडे वाळू घालून राह्यली... मुद्दाम नवती ऐकत हो!

केली ऑटो, गाठला दवाखाना. तिचे पुंडलिकराव आत खाटेवर, अन् डॉक्टर विमलाबाईले समजावून राह्यला, “नसेत बारीक तार घालतो, औषधानं रक्त जोरात वाहतं, मग अडथळ्याच्या अलीकडं-पलीकडं प्रेशर मोजतो. शंभरातलं किती पलीकडं पोचतं, तो आकडा. ऐंशीच्या खाली आला तर स्प्रिंग, वर राहिला तर गोळ्या.” सोपं हाय ना? पण आकडा एका जागी बसन तवा! मी दाराच्या काचेले नाक लावून आतला पडदा पाहून राह्यली... एक्क्याऐंशी, एकोणऐंशी, त्र्याऐंशी! मले चैन पडन का?

डॉक्टर बाहेर आला. “यांनी चहा घेतला का? बंद सांगितला होता.”

“नाई जी!” विमलाबाई म्हणे. “गॅस झालता म्हणून निंबू पिळून काळा चहा देल्ला फक्त.”

घ्या! आपल्याइकडं दूध नसन त तो चहा कायचा, तो त गॅसचा काढा! डॉक्टरनं कपाळाले हात लावला. चहानं ते औषध नीट लागतच नाई म्हणे, अन् आकडा खोटा येते. “उद्या परत मोजू.” विमलाबाई त रडाले लागली.

मंग काय, दुसऱ्या दिवशी मीच खाटेजवळ पहाऱ्याले! विमलाबाईचा भाऊ मधुकरराव आला चहाचा थर्मास घेऊन, “जिजाजी, घोटभर...” हिसकलाच म्या थर्मास!

“बाई, तुमी कोण?”

“शेजारीण!”

झाली तपासणी. कालचा नाचणारा आकडा आज पंचाहत्तरवर गप बसला. टाकली स्प्रिंग. दुसरी नस पंच्याऐंशीवर, तिले गोळ्या. म्हणजे दोन नाई, एकच! विमलाबाई माह्या गळ्यात पडून हासते का रडते, कळेच ना.

पण पहाऱ्याच्या नादात मीबी चहा नवता घेतला, अन् गरगराले लागलं. सिस्टरनं बीपीचा पट्टा बांधला दंडाले. एकशे साठ. परत, एकशे बेचाळीस. परत, एकशे एकाहत्तर!

सिस्टर म्हणे, “काकू, पाच मिनिटं अजिबात बोलू नका, मंग खरा आकडा येईन.”

पाच मिनिटं!

...सोडून देल्लं बापा. माहा खरा आकडा काई कोनाले कळत नाई आता.