समुद्र बघायला

नरसिंहपूरच्या कीर्तनाला निघालेल्या कौसाबाई बारामतीच्या स्टँडवर टेकल्या, तर मागच्या बाकावर कोऱ्हाळ्याचे साहेबराव आणि त्यांची लेक मेघना यांची जुंपलेली.

"आबा, पुण्याची गाडी लागंल. आता तरी व्हय म्हणा!"

"आपल्या उसाला पाणी पुरंना, अन् तू समुद्र सांभाळाय निघालीस?"

"समुद्राचा कारभार शिकाय निघाले. केनियाची, लंकेची पोरंबी मुंबईला येणार हायत. मासे किती धरायचे, कधी न्हाय धरायचे, हे आपल्यासारख्या देशांना आपलं आपण ठरवता यावं म्हणून."

"म्हंजे पाणी वाटून द्याय समुद्रालाबी पाटकरी?"

"तसंच की!"

"मग भांडणं हुणार. आमी एका पाटावर फावडी उगारतो."

"ती मिटवायचंबी शिकवत्यात. जाऊ?"

"न्हाय."

"आबा!"

"स्थळ बघितल्याबिगर लेक कशी धाडू? घराणं कसंय, पाणी कसंय..."

"खारट हाय!"

"हसू नगंस. मीबी येतो बघाय."

"ह्या धोतरावर?"

"मग काय, समुद्र सुटात बसलाय?"

हे ऐकता ऐकता नरसिंहपूरची गाडी निघूनही गेली होती. कौसाबाई धावल्या त्या बापलेक चढलेल्या पुण्याच्या गाडीच्या खिडकीशी.

"पाव्हणं, पसंत पडला तर कळवा हं!"

"पसंती आता पोरगीच करंल, बाई! समुद्राला म्हणावं, नीट उभा ऱ्हा!"