वीजकन्येचं खरं तोंड

मंडळी, आख्यानाला लागायच्या आधी एक विचारतो. पुरात वाहून चाललाय तुम्ही. नाकातोंडात पाणी. वरून कुणीतरी हात दिला. तर तो हात धरण्याआधी विचाराल का — बाई गं, तुझा रंग कोणता? नाही ना? सगळ्यांनी माना हलवल्या. हलवा. शेवटी बघू.

तर ऐका. पंचगंगेच्या काठचं एक गाव. नाव सांगत नाही, मला पुन्हा तिकडं कीर्तनाला जायचंय! तिथं वैजंता नावाची मुलगी, मर्दानी खेळात तरबेज. तिनं लाठी फिरवली की लाठी दिसायचीच नाही, नुसता वारा लागायचा. रंगानं काळी. सावळी नाही हो — काळी. सावळी आपण म्हणतो ते कुणाची तरी समजूत काढायला.

एक दिवस तालमीत मुंबईचे दिग्दर्शक आले, सामंत साहेब. टीव्हीसाठी मालिका करत होते, 'वीजकन्या'. तोंडावर मुखवटा, अंगात वीज, संकटातल्या माणसाला वाचवणारी बाई. पोरं पाठीला टॉवेल बांधून कॉटवरून उड्या मारतात ना, त्यांचं हे दैवत! सामंतांनी वैजंताचा खेळ पाहिला आणि मुखवटा तिच्या हातात दिला. गच्चीवरून उड्या तिच्या. आगीतून पळणं तिचं. मोडलेलं मनगटही तिचंच. मुखवट्यामागं कोण, ते मात्र कुणाला ठाऊक नाही. शेवटच्या भागात मुखवटा उतरणार होता. सामंत म्हणाले, "तोंड तुझंच दिसेल. शब्द देतो."

वैजंता घरी जाऊन आईला, हौसाक्काला म्हणाली, "आई, त्या दिवशी समद्यास्नी कळंल, ती मीच हाय."

पण सामंतांच्या वर चॅनेलवाले बसलेत. ते म्हणाले, असलं तोंड कोण बघणार? एक गोरी नटी ठरवली. सामंत भांडले. शेवटी तोड निघाली — दोन्ही शेवट चित्रित करायचे, लोकांना दाखवायचे, लोक निवडतील तो खरा.

आता गंमत ऐका. वीजकन्येचे हात सगळ्यांनी पाहिलेले. काळे हात. मग नटीचे हात काळे करायला नकोत? मेकअपवाल्यानं वैजंताला शेजारी बसवलं. तिचं मनगट समोर धरून रंगाला रंग जुळवला, आणि नटीचे हात कोपरापर्यंत रंगवले. तोंड गोरंच ठेवलं! वैजंता बघत होती. हसताय? हसा. मलाही आधी हसूच आलं होतं.

लोकांना दाखवायचं कुठं, हा प्रश्न आला. वैजंताच म्हणाली, "माझ्या गावात दाखवा की, साहेब. माझीच माणसं हायती."

देवळाच्या सभामंडपात पडदा लागला. गाव लोटला. पहिला शेवट — मुखवटा उतरला, आत वैजंता. घामेजलेली, सरळ समोर बघणारी. मग मागून कुणीतरी खिदळलं, "आगं बया, ही तर वैजी! हिला तर रोज शेण काढताना बघतोय."

दुसरा शेवट — मुखवटा उतरला, आत नटी. शिट्ट्या! टाळ्या! हात काळे आणि तोंड गोरं कसं, हे एकानंही विचारलं नाही.

चॅनेलवाला म्हणाला, "पहिला शेवट आवडला, त्यांनी हात वर करा." तालमीचे म्हातारे वस्ताद. एकटे. "दुसरा?" अख्खा मंडप. आणि पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या पुढं, हौसाक्काचा हात.

वैजंता जवळ आली. "आई, तू बी?"

हौसाक्का म्हणाली, "पोर माझी गुणाचीच हाय गं. पर देवीवानी तीच दिसतीया."

वैजंता रडली नाही. तिनं आईचा वर केलेला हात धरला आणि हळूच खाली आणला. म्हणाली, "घे खाली. मोजून झालं."

मालिका गाजली. नवरात्रात गावच्या मंडळानं नटीला आरतीला आणलं. वैजंतालाही निरोप गेला — तू पण ये, मुखवटा घालून ये. ती गेली नाही. लाठी अजून फिरवते म्हणतात. गावाबाहेर.

आता कुणीतरी मनात म्हणालं, काय वाईट गाव! थांबा. येताना तुमच्या मंडळाचा जिवंत देखावा पाहिला मी. देवी करून उभी केलेली पोरगी कशी शोधून आणलीत, लोण्यासारखी! आणि राक्षस? तो तर बरोबर सापडला. रंगसुद्धा लावावा लागला नाही. मघाशी माना कुणी हलवल्या होत्या?

मागं वळून बघा. गाभाऱ्यात कोण उभा आहे? काळा दगड. रोज तेल चोळून त्याला आणखी काळा करता, आणि त्यालाच म्हणता, तार आम्हाला. दगड काळा चालतो. माणूस चालत नाही. लाज वाटते मला हे बोलायला, आणि तुम्हाला ऐकायला वाटत नसेल तर माझा गळा फुकट गेला.

आता गजर होईल. सगळे हात वर जातील. जाऊ देत. पण तुमच्या वैजंता इथंच बसल्यात, मागच्या रांगेत, खांबाच्या आड. हात वर करताना त्यांच्याकडं बघा. त्या मोजतायत.