सुट्टीत सूचना द्यायच्या नाहीत

जबाब

नाव व पत्ता पहिल्या पानावर माझ्या अक्षरात लिहून दिला आहे. वय ६४ वर्षे, पदवीधर, सेवानिवृत्त वजनमापे निरीक्षक. घटस्फोटित. अपत्य नाही.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. नोकरीत असताना दुकानांतले तराजू, मापे आणि पेट्रोल पंपांची यंत्रे तपासणे हे माझे काम होते. त्या कामात मी स्वतः पुष्कळ जबाब लिहून घेतले आहेत. लिहिणारा माणूस आपल्या सोयीचे शब्द घालतो, हे मला माहीत आहे. म्हणून हा जबाब माझ्याच शब्दांत लिहावा असे मी ठाणे अंमलदारांना आधीच सांगितले. त्यांनी ते मान्य केले.

आज सकाळी तळ्याकाठच्या हॉटेलच्या पायऱ्यांवरून जे गृहस्थ पडले, ते माझे माजी पती. वय ६८. त्यांचे शिवणयंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान आहे. त्यांच्या डाव्या पायाचे हाड मोडले असून डोक्याला मार लागल्याने ते बेशुद्ध आहेत. त्यांच्या थोरल्या बहिणीने, ज्यांना मी अजूनही वन्सं म्हणते, मी त्यांना ढकलले अशी तक्रार दिली आहे. पोलिसांनी माझा जबाब घेईपर्यंत मला त्यांच्याजवळ सोडायचे नाही, असे रुग्णालयाने सांगितले. मला आत जायचे आहे. म्हणून मी येथे बसले आहे.

आमचा घटस्फोट पंधरा वर्षांपूर्वी दोघांच्या संमतीने झाला. कारण विचारले. एक कारण नाही. ते घरभर यंत्रे उघडून ठेवत. तेलाचे हात पडद्याला पुसत. कोणी काहीही मागितले की हो म्हणत. मी सूचना देत असे. सूचना बरोबर असत. पुढे पुढे ते मी घरी यायच्या आधी झोपून जाऊ लागले. मग आम्ही वकील केला. दोघांत एकच.

त्या वर्षी सुट्टीसाठी या हॉटेलात खोली आधीच राखून ठेवलेली होती. दुसरा येणार नाही असे समजून आम्ही दोघेही गेलो आणि जेवणघरात समोरासमोर आलो.

मी विचारले, "तुम्ही इथे कसे?"

ते म्हणाले, "वहीत माझं नाव आहे. तू कशी?"

"माझंही आहे."

"मग बस. सूप निवतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक अट घातली. "इथं तू मला सांगायचं नाही, मी तुला सांगायचं नाही. कोणी चुकलं तर चुकू द्यायचं." मी अट मान्य केली. तेव्हापासून दरवर्षी आम्ही त्याच हॉटेलात आठ दिवस जातो. वहीत पती-पत्नी असे लिहितो. ते खरे नाही याची मला कल्पना आहे. खोली एकच घेतो. या ठिकाणी अंमलदारांनी लेखणी थांबवली. मी त्यांना पुढे लिहायला सांगितले.

आठ दिवसांत काय केले, असे विचारले. खाल्ले, झोपलो, करमणूक पाहिली. सविस्तर हवे असल्यास, ते तळलेले बटाटे दोनदा मागून घेतात. डॉक्टरांनी त्यांना ते मना केले आहेत. ते खात असताना मी तळ्याकडे बघते. मासा आला की ते काटे काढून पाठीचा तुकडा न विचारता माझ्या ताटलीत ठेवतात. यात सूचना नसल्यामुळे मी हरकत घेत नाही. दुपारी आम्ही व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर पडतो. ते तोंडावर वर्तमानपत्र घेतात. एरवी मी दुपारी झोपत नाही, तेथे झोपते.

परवा पायांनी चालवायची होडी घेतली. ते एका पायाने जोर लावतात आणि दुसरा नुसता ठेवतात, त्यामुळे होडी गोल फिरत राहिली. काठावरचा होडीवाला ओरडत होता, "काका, दोन्ही पाय मारा!" मी काही बोलले नाही. आम्ही बराच वेळ गोल फिरलो. मला कंटाळा आला नाही.

वेटरने आपल्या जबाबात म्हटले आहे की काल संध्याकाळी या गृहस्थांनी सर्वांसमोर मला बायको मानायला नकार दिला. हे घडले. काल संध्याकाळी हॉटेलच्या सभागृहात बोलक्या बाहुल्याचा खेळ होता. खेळ करणाऱ्याने यांना पुढे बोलावले. बाहुल्याने विचारले, "काय आजोबा, बायकोला घाबरता का?"

हे म्हणाले, "ती माझी बायको नाही."

मग बाहुला म्हणाला, "मग तर जास्तच घाबरायला हवं!" सगळे हसले. मीही हसले. ते खोटे बोललेले नव्हते, त्यामुळे मला राग येण्याचे कारण नव्हते.

खोलीकडे जाताना ते म्हणाले, "मघाशी खरं बोललो आणि तोंड कडू झालं."

मी म्हणाले, "कॉफीने झालं असेल."

आज सुट्टीचा शेवटचा दिवस. सकाळी न्याहारीला आमचे भांडण झाले, हेही वेटरने सांगितले आहे. त्याने ऐकलेले वाक्य, "तुमच्याबरोबर एका छपराखाली पुन्हा नाही," हे माझे आहे. त्याने आधीची वाक्ये सांगितलेली नाहीत. ती अशी.

त्यांनी पावाला लोणी लावता लावता म्हटले, "या वेळी माझी बॅग तुझ्याच घरी न्यावी म्हणतो."

मी म्हणाले, "कशाला? चाक मोडलं का?"

"बॅग नाही गं. मी."

मला थट्टा वाटली. ते म्हणाले, थट्टा नाही. दोन घरांत दोन दिवे, दोन पातेली, कशासाठी?

मी म्हणाले, "आपलं जमतं ते आठ दिवस. नवव्या दिवशी काय होतं ते दोघांनीही पाहिलंय."

"तेव्हा आपण तरुण होतो. भांडायला दम होता."

"माझ्यात अजून आहे."

"ते दिसतंयच."

येथे मी हसले असते तर बरे झाले असते. त्याऐवजी मी वेटरने ऐकलेले वाक्य म्हणाले. त्यांनी लोण्याची सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, "नाही म्हणायला तुला एक मिनिटसुद्धा लागलं नाही." आणि उठून बागेकडे गेले. ताटलीत अर्धा पाव आणि एक अंडे तसेच राहिले. ते ताटलीत कधी काही टाकत नाहीत.

मी त्यांच्या मागे गेले, कारण त्यांचा चष्मा टेबलावर राहिला होता. बागेच्या टोकाला तळ्याकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. माळ्याने त्या नुकत्याच धुतल्या होत्या. मी वरच्या पायरीवर पोहोचले तेव्हा ते निम्म्या पायऱ्या उतरले होते. माझा हात तेवढा लांब नाही. अंमलदारांनी जागेवर जाऊन अंतर मोजून घ्यावे.

पायऱ्या ओल्या आहेत, हे मला दिसत होते. त्यांच्या चपलांचे तळ झिजून गुळगुळीत झालेले आहेत, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. त्यांना चष्म्याशिवाय पायरीची कड दिसत नाही, आणि चष्मा माझ्या हातात होता. शब्द तोंडात आले होते. सुट्टी संपायला दुपारचे जेवण बाकी होते. मी बोलले नाही.

अंमलदार म्हणाले, "बाई, हे मी लिहीत नाही. उगाच तुम्हीच अडचणीत याल. न बोलणं काही गुन्हा नाही."

मी म्हणाले, "गुन्हा आहे असं मी कुठे म्हटलं? झालं ते लिहा."

त्यानंतर त्यांनी लिहिले.

माळी सांगतो की ते पडल्यावर बाई काही वेळ वरच उभ्या होत्या. हे बरोबर आहे. ते पडले की आधी स्वतःच हसतात आणि मग उठतात. लग्नाच्या दिवशीही पडले होते. मी हसण्याची वाट पाहत होते. ते हसले नाहीत. मग मी खाली गेले. कशी गेले ते सांगता येणार नाही. माझ्या गुडघ्याला खरचटले आहे, त्याची नोंद करण्याची गरज नाही.

मी त्यांचे डोके मांडीवर घेतले नाही, कारण मार लागलेल्या माणसाला हलवू नये असे शिकवलेले आहे. शेजारी ओल्या दगडावर बसले. माळी गाडी आणायला धावला. तोपर्यंत मी त्यांच्याशी बोलत होते. काय बोलले, असे विचारले. सूचना देत होते. डोळे उघडा. श्वास घ्या. झोपू नका. एकही पाळली नाही.

रुग्णालयाने त्यांच्या फोनवरून वन्संना कळवले. त्या दुपारपर्यंत पोहोचल्या. भाऊ शिवणयंत्रांच्या प्रदर्शनाला गेला आहे, असे त्यांना दरवर्षी सांगितलेले असे. रुग्णालयाच्या जिन्याजवळ मला पाहून त्या म्हणाल्या, "हे का प्रदर्शन?"

मी म्हणाले, "वन्सं, आधी बसा. दम लागलाय तुम्हाला."

"मला शिकवू नकोस. तुझी निरीक्षकी बाजारात कर. सोडलंस ना त्याला कोर्टात? मग आठ दिवस मिरवायला नेतेस आणि पाय मोडून परत देतेस?"

"आवाज हळू करा. आत पेशंट आहेत."

"आत माझा भाऊ आहे! तुझा कोण आहे?"

मी उत्तर दिले नाही. त्यावर वन्संनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावला आणि तक्रार दिली. त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्या ७४ वर्षांच्या आहेत आणि त्यांना हा एकच भाऊ आहे.

जबाब येथपर्यंत आला असताना ठाण्यात रुग्णालयातून फोन आला. अंमलदारांनी ऐकले आणि फोन माझ्याकडे दिला. पलीकडे वन्सं होत्या.

त्या म्हणाल्या, "ऐकतेस का? शुद्धीवर आलाय. डॉक्टरांना म्हणाला, कोणी ढकललं नाही, मीच घसरलो. माझी तक्रार मी काढून घेते, सांग त्यांना. आणि विचारतोय…"

"काय विचारताहेत?"

"तिने खाल्लं का म्हणून."

मी सकाळपासून खाल्लेले नव्हते. तसे कळवले. वन्सं म्हणाल्या, "खाऊन घे आणि ये." नंतर म्हणाल्या, "तीन महिने पाय टेकवायचा नाही म्हणे. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, त्याची खोली दुकानाच्या माडीवर. कुठे चढवू याला मी?" त्या रडत होत्या. मी त्यांना पाणी प्यायला सांगितले.

अंमलदारांनी मला कळवले की आता काही प्रश्न उरला नाही, मी जाऊ शकते, आणि हा अर्धा जबाब ते फाडून टाकतील. मी सांगितले की अर्धे काम टाकून उठायची मला सवय नाही. पुढील मजकूर लिहून घ्यावा.

आज सकाळी न्याहारीच्या टेबलावर मी माझ्या माजी पतींना नाही म्हटले. ते उत्तर मी विचार न करता दिले होते. दुपारपासून या बाकावर बसून मी विचार केला आहे. नवव्या दिवसाची मला भीती वाटते आणि ती भीती खोटी नाही. आमचे घरीही पटेलच असे मी म्हणू शकत नाही. परंतु मी तळमजल्यावर राहते. दाराला उंबरठा नाही. पुढच्या खोलीत खिडकीखाली पलंग मावतो आणि शेजारी एखादे शिवणयंत्र उघडून ठेवायलाही जागा होते. त्यांना रुग्णालयातून सोडले की मी माझ्या घरी नेणार आहे. किती दिवस, ते लिहू नये.

अंमलदार म्हणाले, "बाई, हे जबाबात कशाला? हे तुम्ही त्यांना जाऊन सांगा की."

मी म्हणाले, "सांगणारच आहे. पण त्यांच्या दारापर्यंत जाईस्तोवर मी मन बदलीन. मी स्वतःला ओळखते. सरकारी कागदावर आलं की मला फिरता येणार नाही."

त्यावर त्यांनी तेही लिहिले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे लिहिलेला असून बरोबर आहे. वाचताना अंमलदारांनी तळमजल्याचा परिच्छेद संकोचाने गाळला होता. तो मी त्यांना वाचायला लावला. तोही बरोबर आहे.