सत्तरच्या खालची सव्वीस

ताई : ...तेच विचारतेय मघापासून. सव्वीस मुलांच्या घरी तो मेसेज कोणी पाठवला?

धाकटा : ऑफिसमधून गेला. आणि आवाज जरा खाली, ताई. बाहेर पालक बसलेत.

ताई : बसू देत. ‘आपल्या पाल्याची प्रगती आमच्या उद्दिष्टाशी जुळत नाही, उद्यापासून क्लासला पाठवू नये.’ ही भाषा ऑफिसची नाही, तुझी आहे.

धाकटा : असेल. मग उद्दिष्ट काय ठरलंय आपलं?

ताई : तुझं. मला तर भिंतीवर चिकटवल्यावर कळलं.

धाकटा : बरं, माझं! पुढच्या वर्षी तीन शाखा, हजार मुलं. आणि यंदा झाडून सगळी ऐंशीच्या वर. निकालाच्या बोर्डावर एक जरी पंचावन्न दिसला ना, तर नव्या शाखेत कुत्रंही फिरकणार नाही.

ताई : म्हणून त्यांना शिकवायचं नाही, हाकलायचं. उद्या दवाखाना काढलास तर ताप आलेल्यांना दारातूनच परत पाठवशील.

धाकटा : हे भाषण बारा वर्षं ऐकतोय मी. बारा वर्षं आपण याच दोन खोल्यांत. तू एका पोराची वही घेऊन तासभर बसतेस, तेवढ्यात माझी चाळीस मुलांची बॅच होते.

ताई : मग घे की बॅच. मी हात धरलाय तुझा?

धाकटा : रोज धरतेस! मोठं काही म्हटलं की तुझं तोंड वाकडं. खरं सांगू? तुला क्लास लहानच हवाय. लहान जागेत तू मोठी दिसतेस.

ताई : झालं बोलून? आता माझं ऐक. सव्वीसच्या सव्वीस परत आली नाहीत, तर उद्यापासून मीही येणार नाही. गणित शिकवायला तुझं ते उद्दिष्ट उभं कर फळ्यापाशी.

धाकटा : धमकी देतेस?

ताई : हो. आता सांग, यादी कोणी केली?

धाकटा : कॉम्प्युटरने. चाचणीत एका विषयात जरी सत्तरच्या खाली गेलं, तरी नाव आपोआप यादीत.

ताई : आणि तू ती वाचलीसुद्धा नाहीस?

धाकटा : मुद्दाम नाही वाचली. वाचली असती तर कुणाची तरी दया आली असती.

ताई : हा घे कागद. सतरावं नाव वाच.

धाकटा : मला वेळ नाहीये.

ताई : वाच म्हणते ना!

(तो कागद घेतो, बोट सतराव्या ओळीवर नेतो.)

धाकटा : ही... ही कशी यात?

ताई : विज्ञानात बासष्ट. घरी बापाला दाखवायची हिंमत झाली नाही तिची.

धाकटा : चूक झाली. थांब, आत्ताच तो मेसेज रद्द करायला सांगतो.

ताई : एकट्या तुझ्या लेकीचा?

धाकटा : सगळ्यांचा, बाई, सगळ्यांचा! तिने वाचला का तो मेसेज?

ताई : तिनेच वाचला. आईचा फोन तिच्याच हातात होता. तरी आज आली. पण वर्गात बसेना, दाराशीच उभी राहिली.

धाकटा : रडली?

ताई : नाही. एवढंच म्हणाली, ‘आत्या, बाबांनी माझं नाव बघून पाठवला की न बघता?’

धाकटा : तू काय सांगितलंस?

ताई : म्हटलं, विचारून येते. अजून तिथेच उभी आहे ती.