तीन लेखक आणि हर्षालीचा फॉर्म

नाही, पण मला एक सांगा, पोट साफ होण्याचा आणि पुस्तकांची मुखपृष्ठं काढण्याचा संबंध काय? आहे का काही? मी आपला साधा प्रश्न विचारला होता, भर मांडवात, माईकवर, दोनशे माणसांसमोर... बरं, दोनशे नाही, एकशे बारा, मी मोजली होती, आणि त्यातली अकरा नुसती चहासाठी आलेली. विचारलं काय, तर साहेब, मुलीला चित्रकलेची आवड आहे, पुस्तकांची मुखपृष्ठं काढायची म्हणते, तर त्या कॉलेजात पाठवावी का? आणि ते साहेब, आरोग्यावर सात पुस्तकं लिहिलेला माणूस, अर्धं मिनिट डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "मुलीचं पोट साफ होतं का?"

आता हर्षाली तिसऱ्या रांगेत. तिनं ओढणीत तोंड घातलं. शेजारी तिची आई, लंकाबाई. तिनं माझ्याकडे जे बघितलं ते इथं सांगण्यासारखं नाही. आणि मी काय केलं? वही उघडली आणि लिहिलं, 'पोट. विचारणे.' कळलं नाही, पण लिहून घेतलं.

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा निवृत्ती कोण आणि स्टेजवर चढला कसा. चढलो नाही हो, चढवलं. आम्ही मळेवाले. नाशिक शहराला लागून मळा, गुलाब, शेवंती, बांधाला मेथी-कोथिंबीर, पहाटे तीनला उठून फुलं तोडायची आणि उजाडायच्या आत फुलबाजार गाठायचा, यात लेखक बसतो कुठं? कुठंच नाही. पण मला एक खोड आहे. मी रोज डायरी लिहितो. शिक्षण सातवी, पण एकोणीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. लिहितो म्हणजे काय, तर 'आज वारा पश्चिमेचा. शेवंतीवर माव्याची कीड. म्हशीनं दूध चोरलं.' असलं. कुणाला वाचायला दिलं तर तो माणूस पुन्हा आपल्या घरी येणार नाही.

तर झालं असं, दोन हजार दोन साल, जून महिना, गावच्या वाचनालयाला पंचवीस वर्षं झाली. वाचनालयाचा अध्यक्ष गोरक्ष, त्यानं घातला घाट, शुक्रवार, शनिवार, रविवार, रोज पाच वाजता एक लेखक, 'लेखकाशी गप्पा'. गप्पा मारायला शहरातले एक प्राध्यापक ठरले होते, त्यांनी आदल्या दिवशी दाढ काढली, गाल हा एवढा, बोलायला गेले की नुसता वारा. मग गोरक्ष माझ्या मळ्यात हजर. म्हणे, अण्णा, गावात रोज लिवणारं माणूस तुमीच, लेखकाची भाषा तुमालाच कळंल. मी म्हटलं, अरे, मी मावा लिहितो. तर म्हणे, ते बी कायतरी तसलंच लिवत असतील की.

मी नाहीच म्हणणार होतो. पण घरात एक गोष्ट अडकून पडली होती, म्हणून हो म्हटलं. हर्षाली बारावी झालेली. एका पिशवीत दोन फॉर्म. एक डी.एड.चा, एक चित्रकलेच्या कॉलेजचा, तो तिनं खाडाखोड झाली तर म्हणून जोडीनं आणलेला. आता डी.एड. म्हणजे तेव्हा काय होतं तुम्हाला माहीतच आहे, पोरीला डी.एड. लागलं की बापानं पाय पसरून झोपावं, नोकरी पक्की, स्थळं दारात. माझा भाऊ जयराम म्हणाला डी.एड., मेहुणे म्हणाले डी.एड., शेजारच्या भागुबाईला डी.एड. म्हणजे काय ते माहीत नाही, तीसुद्धा म्हणाली डी.एड. आणि हर्षाली? चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड, दिवसभर काहीतरी रेघा ओढत बसलेली. ती गुलाबाच्या जुड्या बांधता बांधता, मान वर न करता एवढंच म्हणाली, "अण्णा, मी डी.एड. करीन. पण मग मी चित्र काढणार नाही. कधीच."

रागानं म्हणाली असती तर मी पण रागावलो असतो आणि विषय मिटला असता. शांतपणे म्हणाली. आणि पुढची जुडी बांधायला घेतली.

आता आमची एक पद्धत आहे. गुलाबावर रोग आला की आम्ही पान खिशात घालतो आणि औषधांची तीन दुकानं फिरतो. एकाच्या सांगण्यावर फवारा मारायचा नाही. तिघांना विचारायचं, ज्या औषधावर दोघांचं जमेल ते पंपात भरायचं. बापानं शिकवलं, आजवर पान करपलं नाही. मी म्हटलं, निवृत्ती, हे काय कमी आहे का? तीन लेखक आपल्या पायानं गावात येतायत. ज्यांची पुस्तकं त्यांनाच मुखपृष्ठाचं कळणार. दोघं हो म्हणाले तर चित्रकला, दोघं नाही म्हणाले तर डी.एड. फॉर्मची मुदत सोमवार, तिसरा लेखक रविवारी, बसतंय सगळं. हर्षालीला सांगितलं, ती 'बरं' म्हणाली. लंकाबाई म्हणाली, "पोर हाय का गुलाबाचं झाड हाय?" मी लक्ष दिलं नाही.

तर पहिले आले ते हे कुंदनसाहेब. सकाळपासून मी त्यांच्या तांब्याच्या भांड्याच्या मागे, कारण साहेब दुसऱ्या भांड्यातलं पाणी पीत नाहीत. अख्ख्या गावात तांब्याचा तांब्या सापडला तो एक, देवळात. स्टेजवर मी विचारलं, निरोगी राहायला काय करावं? म्हणाले, पहाटे चारला उठा. मी म्हटलं, साहेब, आम्ही तीनला उठतो. म्हणाले, मग एक तास जास्त झोपा. फुलं काय साहेब तोडणार? मग म्हणाले, सकाळी ओल्या मातीवर अनवाणी चाला. पुढच्या रांगेतल्या सगळ्या बायांनी आपापल्या टाचांकडे बघितलं, भेगाच भेगा. आणि मग माझा तो प्रश्न, आणि मग ते पोट. मी पुन्हा विचारलं हो, चिवटपणे विचारलं, साहेब, हो की नाही तेवढं सांगा. म्हणाले, पोट साफ असेल तर कुठलाही मार्ग उत्तम. म्हणजे दुकानदार म्हणाला, झाड धडधाकट असेल तर कुठलंही औषध मारा. हे मी काय म्हणून धरायचं? मी लिहून घेतलं. कळलं नाही, पण लिहून घेतलं.

शनिवारी प्रतिभाताई. सहा कादंबऱ्या, मोठं कुंकू, आवाज असा की माईक बंद पडला तरी कुणाला कळलं नाही. त्या म्हणाल्या, मी ठरवून कधीच लिहीत नाही, मागे दोन वर्षं एक ओळ लिहिली नाही, नुसती वाट पाहिली. मी म्हटलं, ताई, मी एक दिवस नाही लिहिलं तर मला जेवण जात नाही. तर त्यांनी माझ्याकडेच वळून विचारलं, तुम्ही काय लिहिता? मी काय सांगणार? म्हटलं, मावा. त्यांनी डोळे मिटले. "मावा," म्हणाल्या, "आतून पोखरणारा." मी म्हटलं, नाही ताई, खरा मावा, हिरवा असतो, पानाखाली. तर हळूच म्हणाल्या, "हो. पानाखालीच असतो तो." टाळ्या. कशाला टाळ्या? मावा सगळ्यांच्या मळ्यात होता.

पण हर्षालीचं विचारल्यावर बाई उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, कलावंतानं नोकरी करू नये, नोकरीत माणूस उभ्या उभ्या वाळतो, मुलीला जाऊ द्या, आजच जाऊ द्या. मी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'प्रतिभाताई : हो.' हर्षालीकडे बघितलं, तिचे डोळे असे झाले होते की मला वाटलं सुटलो.

मग चहा. वाचनालयाच्या मागच्या खोलीत ताईंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, निघायला हवं, सोमवारी बँकेत हजर व्हायचंय, रजा संपली, साहेब फार कडक आहेत. मी म्हटलं, बँकेत? म्हणाल्या, सव्वीस वर्षं झाली. मी वही उघडून ते 'हो' पुन्हा वाचलं. त्यांच्या लक्षात आलं असावं. कप खाली ठेवून म्हणाल्या, "स्टेजवर बोलले ते खरंच आहे हो, दादा. पण पेन्शनसुद्धा खरी असते." आता? बाई खोटं बोलत नव्हत्या, दोन्ही वेळेला नव्हत्या, तेच तर अवघड झालं. मी 'हो'च्या पुढे लिहिलं 'स्टेज', खाली लिहिलं 'नाही', त्याच्या पुढे 'चहा'. कळलं नाही, पण लिहून घेतलं.

रविवारी शेखरसर. छंदातून करिअर कसं करावं यावर पुस्तकं, केस काळेभोर, बूट असे की त्यात मांडव दिसत होता. आल्या आल्या सगळ्यांना उभं केलं, मुठी वळायला लावल्या, म्हणा, मी करू शकतो. सगळे म्हणाले. भागुबाई सत्तरीची, ती मूठ वळून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, काय करू शकते ते तर सांग बाबा. सर म्हणाले, काहीही. ती म्हणाली, मंग बसू शकते का? आणि बसली.

मी वेळ घालवला नाही, थेट विचारलं. सर म्हणाले, काका, विहिरीत ढकलल्याशिवाय पोहायला येत नाही. हे मला पटलं, मला बापानं तसंच शिकवलेलं. मी म्हटलं, ढकलू म्हणता? म्हणाले, ढकला. झालं, दोन हो. दोघांचं जमलं, पंप भरायचा.

आणि मग चहा. मला आता चहाचीच धास्ती. मी लांबच उभा होतो, तर सर स्वतः आले, माझा कोपर धरून मांडवामागं नेलं, इकडं तिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, काका, तुमची डी.एड.ला कुणाशी ओळख आहे का? माझी मुलगी आहे, चार टक्क्यांनी अडलंय. मी म्हटलं, सर, तिला कसला छंद नाही का? म्हणाले, "आहे ना. नाचायचं म्हणते. नाचेल की, नोकरी लागल्यावर."

बघा आता. स्टेजवर दोघं हो. चहाला दोघं नाही. आणि एक पोट. पद्धत सांगते दोघांचं जमेल ते करा, इथं दोघांचं दोन्हीकडून जमतंय. दोन औषधं एका पंपात मिसळली की पानं करपतात, तसं माझं डोकं करपलं. घरी येऊन मी सगळं वाचून दाखवलं, एक शब्द गाळला नाही. हर्षाली ऐकून घेऊन म्हणाली, अण्णा, तुमच्या डायरीत स्टेजवरचं खरं धरायचं की चहाचं? मी म्हटलं, मी फक्त लिहून घेतो.

तेव्हा लंकाबाई बोलली. भाकरी थापत होती, तिनं हात थांबवला नाही. "एकोनीस वर्सं लिवताय," म्हणाली. "ते कोनाला इचारून सुरू केलं होतं?"

मी आठवायला लागलो. मनापासून आठवलं, कारण एखादा दुकानदार तरी असणार असं मला वाटत होतं. नव्हता हो. खताच्या दुकानात फुकट डायरी मिळाली होती, कोरी होती, मला ती कोरी पानं आवडली, एवढंच. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर पहिल्यानंच म्हटलं असतं, मळेवाल्याला कशाला हवी डायरी? आणि मी सुरूच केली नसती.

सोमवारी मी घरात काही बोललो नाही. म्हटलं, आधी काम करू, मग सांगू, पोरीचा चेहरा बघू. फुलबाजारात माल उतरवला, पिशवी उघडली, त्यात डी.एड.चा फॉर्म आणि चित्रकलेचा एक कोरा फॉर्म. कोरा घेतला. फुलांच्या पालथ्या पाटीवर ठेवून माझ्या चांगल्यातल्या चांगल्या अक्षरात भरला. पालकाचा व्यवसाय, फुले. पालकाची सही, मी. आणि गेलो कॉलेजात, खांद्यावर शेवंतीच्या पाकळ्या तशाच.

खिडकीवर रांग. माझा नंबर आला, कारकुनानं फॉर्म हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाला, मुदत शुक्रवारी संपली.

दोन फॉर्म एका पिशवीत, म्हणून मुदत एकच, असं मी धरून चाललो होतो. रोजचा वारा लिहिणारा माणूस मी, फॉर्मच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली तारीख वाचली नव्हती. शुक्रवारी मी कुठं होतो? तांब्याचा तांब्या शोधत होतो. पोरीचं एक वर्ष मी तांब्यात घातलं, असं मला वाटलं, आणि मी तिथंच, खिडकीला धरून उभा.

कारकुनाला दया आली असावी. नाव विचारलं. मी हर्षालीचं नाव सांगितलं. त्यानं गठ्ठा चाळला, मग थांबला आणि म्हणाला, अहो, हा काय, तुमचा फॉर्म आलेला आहे की. शुक्रवारी साडेअकराला. पालक स्वतः हजर होत्या. आणि त्यानं सही दाखवली. 'लंकाबाई.' एकेक अक्षर सुटं, वाफ्यात रोपं लावल्यासारखं, शेवटचं जरा खाली आलेलं. चौथी शिकलेली बाई, वर्षातून एकदा सही करते.

म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी मी माईकवर पोट साफ होतं का ते ऐकून घेत होतो तेव्हा काम झालेलं होतं. शनिवारी झालेलं होतं. रविवारी भाकरी थापताना झालेलं होतं. मला कुणी सांगितलं नाही, मी हो म्हणायची वाट बघत बसल्या दोघी.

रागवावं की काय करावं ते कळेना. तेवढ्यात कारकुनानं माझ्या हातातल्या फॉर्मकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, तिचा तर झाला. मग हा दुसरा कुणासाठी? तुमच्यासाठी का?"

मागची पोरं हसली. मी पण हसायला हवं होतं. गमतीनंच म्हणाला होता बिचारा. पण तुम्हाला सांगतो, मी फॉर्मकडे बघितलं, एवढ्या चांगल्या अक्षरात भरलेला, आणि विचारलं, वयाची अट काय आहे?

तो म्हणाला, पंचवीस.

मी सत्तेचाळीस. मी म्हटलं, बरं. पेन खिशाला लावलं आणि बाजूला झालो, मागं अजून बरीच माणसं आपापल्या पोरांचे फॉर्म घेऊन उभी होती.